वाचनालयातल्या मॅडमना, 'द आउटसायडर्स'साठी

मॅडम, नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण तालुक्याच्या वाचनालयात तुमच्यासारखी माणसं असतात हे लोकांना कळायला पाहिजे. दहावीनंतरच्या सुट्टीत मी आणि माझा मित्र रोज तिथे येऊन बसायचो, त्याचे वडील त्याच वर्षी गेलेले, माझ्या बाबांची नोकरी सुटलेली, घरी थांबवत नव्हतं. तुम्ही काही विचारलं नाहीत, फक्त एस. ई. हिंटन यांचं 'द आउटसायडर्स' हे इंग्रजी कादंबरीचं पुस्तक हातात दिलंत आणि म्हणालात, दोघं मिळून वाचा. आम्ही मराठी मीडियमवाले, पण अडलेल्या शब्दांचे अर्थ तुम्ही चिठ्ठीवर लिहून द्यायचात, आणि लिहिणारी मुलगी स्वतः पंधरा वर्षांची असताना हे लिहायला बसली, 1967 मध्ये पुस्तक आलं तेव्हा अठराची होती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आमची भीडच गेली.

त्यातला पोनीबॉय चौदा वर्षांचा, आईवडील अपघातात गेलेले. त्याचा मित्र जॉनी सोळाचा, घरी बापाचा मार, आणि एकदा श्रीमंत पोरांनी बेदम मारल्यापासून सावलीलाही दचकणारा. पोनीबॉयला ती पोरं कारंज्यात बुडवत असतात तेव्हा हाच जॉनी चाकू चालवतो, एक पोरगा मरतो आणि दोघं पळून डोंगरावरच्या पडक्या चर्चमध्ये लपतात. मला तो चर्चमधला भागच सगळ्यात आवडतो, केस कापून रंग बदलायचा, सँडविचवर दिवस काढायचे, 'गॉन विथ द विंड' मोठ्याने वाचायचं. तिथे जॉनी हळूहळू निर्णय घेणारा होतो, पोलिसांकडे स्वतःहून जायचं त्याचं ठरतं, आणि मग चर्चला आग लागल्यावर आतल्या लहान मुलांना काढायला दोघंही घुसतात, तेव्हा त्याच्या तोंडावर भीतीचा मागमूस नसतो.

माझा मित्र तेव्हा म्हणायचा की आता कशाचंच काही वाटून घ्यायचं नाही, दगड व्हायचं. म्हणून त्या आगीत जखमी होऊन जॉनी गेल्यानंतरचं ते पान तुम्ही आम्हाला परत वाचायला लावलंत. श्रीमंत पोरं गाडीतून उतरून अंगावर येतात, पोनीबॉय बाटली फोडून त्यांच्यासमोर उभा राहतो, ती निघून जातात, आणि मग हा खाली बसून काचा वेचायला लागतो, का तर कुणाच्या गाडीचं टायर पंक्चर व्हायला नको! मित्र ते वाचून किती तरी वेळ बोलला नाही आणि मग वडिलांबद्दल बोलला, पहिल्यांदाच, अगदी हॉस्पिटलमधल्या शेवटच्या रात्रीपासून सगळं. तुम्ही वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी दिवे चालू ठेवलेत.

एवढं सोसून पोरं निबरच होतात असं सगळे धरून चालतात, ते खरं नाही, शेजारी तेच सोसणारा कुणीतरी असेल तर माणूस जास्त हळवा होऊनही खंबीर राहू शकतो, आणि हे आम्हाला त्या वयात तुमच्यामुळे कळलं.

कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी मुलांच्या सह्या घेऊन दिग्दर्शक कपोला यांना पत्र पाठवलं म्हणून 1983 मध्ये यावर सिनेमा आला, हे वाचलं तेव्हा पहिली तुमचीच आठवण आली.

मित्र आता शाळेत शिकवतो आणि नववीच्या पोरांना हे पुस्तक मराठीत सांगतो. दिवाळीत आम्ही दोघं येतोय, तुमच्या प्रतीचं बाइंडिंग सुटलं होतं, नव्या दोन प्रती घेऊन येऊ. मनापासून थँक्यू, मॅडम.