तक्रार: पाण्यात न मिसळणारे निंबोळी तेल आणि कीड न ओळखणारी ग्राहक सेवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझे चौथे संभाषण झाले. ते 38 मिनिटे चालले, त्यांतील निम्मा वेळ तुमचीच जाहिरात ऐकण्यात गेला आणि शेवटी ‘तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असे सांगून फोन ठेवण्यात आला. ती कशी निकाली निघाली हे मला अद्याप कळलेले नाही, म्हणून तीच तक्रार आता लेखी करत आहे.

तुमच्या निंबोळी तेलाच्या बाटलीवर ‘पाण्यात सहज मिसळते, साबणाची गरज नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे आणि मात्रा 1 लिटर पाण्यास 5 मिली अशी दिली आहे. मी तेवढेच तेल मोजून घेतले, कोमट पाण्यात घातले आणि हात दुखेपर्यंत ढवळले. ढवळणे थांबवल्यावर दोन मिनिटांत सगळे तेल तवंगासारखे वर येऊन बसले. तेल आणि पाणी एकत्र राहावे यासाठी त्यात इमल्सिफायर घालावा लागतो, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नसावी. तो घातलेला आहे हे तर तुम्हीच छापले आहे.

यातून पुढे जे झाले ते अगदी सरळ आहे. हातपंपाची नळी तळातून द्रावण ओढते, त्यामुळे आधी नुसते पाणी फवारले गेले आणि तळ गाठत आल्यावर निव्वळ तेल बाहेर पडले. मी सुरुवात चवळीपासून केली होती, कारण मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) तिच्यावर होता. शेवटी आल्या त्या मिरचीच्या 4 कुंड्या, ज्यांवर केवळ खबरदारी म्हणून हात फिरवायचा होता. म्हणजे माव्याला आंघोळ घडली आणि निरोगी मिरचीला तेलाचा लेप. फवारणी मी सूर्य मावळल्यावरच केली होती (ही सूचना तुमच्या बाटलीवर नाही, ती मला आधीपासून ठाऊक आहे), तरीही दुसऱ्या दिवशीच्या उन्हात मिरचीच्या कोवळ्या पानांवर तपकिरी डाग उमटले, कडा वाळून आत वळल्या आणि तिसऱ्या दिवशी कळ्या गळून पडल्या.

मी उतावळी ग्राहक नाही. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हा घटक कीड जागच्या जागी मारत नाही, तिचे खाणे आणि कात टाकणे रोखते, त्यामुळे परिणाम दिसायला काही दिवस जातात, हे मान्य करून मी 8 दिवस थांबले. माव्याच्या माद्या मीलनाशिवायच पिल्ले घालतात आणि ती पिल्लेही आठवड्याभरात त्याच कामाला लागतात, तेव्हा या 8 दिवसांत चवळीच्या शेंड्यांचे काय झाले असेल याची कल्पना कीटकनाशक विकणाऱ्या कंपनीला असावी. शेंगांचे देठ काळे दिसत होते आणि माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्यांची रांग अखंड चालू होती.

आता तिसऱ्या संभाषणाविषयी, जे मी विसरू शकत नाही. तुमच्या प्रतिनिधींनी छायाचित्र मागितले, म्हणून मी चवळीच्या पानाच्या खालच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र पाठवले. त्यात मावा होताच, शिवाय एका कोपऱ्यात ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी होती: काळपट, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके. प्रतिनिधींनी त्या अळीभोवती लाल वर्तुळ काढून छायाचित्र परत पाठवले आणि म्हणाले, “मॅडम, मुख्य कीड ही आहे. बाकीचे बारीक किडे काही करत नाहीत.” मी म्हटले, “अहो, ही ढालकिड्याची अळी आहे, ती मावा खाते.” थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “तरी आपण मात्रा दुप्पट करून बघा.” मी विचारले, “कशावर दुप्पट?” त्यावर उत्तर आले, “सगळ्यावरच. आणि दुप्पट लागणार असेल तर मोठी बाटली परवडते, पाठवू का?” तेल पाण्यात मिसळतच नाही, ही मूळ तक्रार मी पुन्हा सांगितली, तेव्हा “आपण नीट ढवळले नसेल” असे ऐकावे लागले, आणि जळलेल्या मिरचीबद्दल “ऊन आमच्या हातात नाही, मॅडम.” ऊन त्यांच्या हातात नाही, हे वाचून तरी व्यवस्थापनाला दिलासा मिळावा.

एक अळी वाढीच्या काळात शेकडो मावा फस्त करते. माझ्या चवळीवर काम करणारी ती एकमेव यंत्रणा होती, आणि तुमच्या कंपनीने तिलाच मारण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, म्हणून आज त्या वेलावर थोड्या तरी शेंगा धरल्या आहेत.

मी 6 वर्षे तुमचे बियाणे आणि पिवळे चिकट सापळे वापरत आले आहे. सापळे खरोखर चांगले आहेत आणि पांढऱ्या माशीसाठी मी ते इतरांनाही सुचवले आहेत, याचा आता संकोच वाटतो. त्याच नावावर विसंबून ही बाटली घेतली होती.

बाटलीचे पूर्ण पैसे परत मिळावेत. याच तुकडीतील बाटल्या तपासून, तेल मिसळते की नाही ते मला लेखी कळवावे. मिसळत नसेल तर ‘साबणाची गरज नाही’ हे वाक्य वेष्टनावरून काढावे. 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करेन आणि त्यासोबत ते लाल वर्तुळही जोडेन. तेल पाण्यात मिसळत नाही, हे मी पाचव्यांदा फोनवर सांगणार नाही. तेव्हा कृपया फोन करू नये.

सोबत: तवंग आलेले द्रावण, मिरचीची पाने आणि वर्तुळासह ढालकिड्याची अळी, अशी 3 छायाचित्रे.

आपली एक ग्राहक