क्रीडामंत्री साहेब, रेंज सगळ्यांची आहे तर लेनपण सगळ्यांना मिळू द्या

मा. क्रीडामंत्री साहेब,
स.न.वि.वि.

पत्र रायफल शूटिंगबद्दल आहे पण मेडलबद्दल नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. मेडल आलं की तुम्ही सत्काराला येता, फोटो काढता, त्याबद्दल तक्रार नाही, यायलाच पाहिजे. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलचं गोल्ड घेतलं, २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, आणि असं काही झालं की क्लबमध्ये नवीन पोरं येतातच. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पोरगं येतं, दोन-तीन वर्षं घाम गाळतं, टीममध्ये नाव लागत नाही, मग अभ्यास, नोकरी, लग्न, आणि चाळिशीत परत रायफल हातात घ्यावीशी वाटली तर कळतं की आपल्यासाठी इथे लेनच (रेंजवर उभं राहून मारायची जागा) नाही, कारण रेंजचं सगळं टाइमटेबल दोन-तीन ऑलिंपिक इव्हेंटच्या भोवती बांधलेलं आहे.

५० मीटर प्रोनचंच बघा ना. पोटावर झोपून, हाताला स्लिंग (रायफलचा पट्टा) बांधून ६० शॉट मारायचे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पुरुषांचा हा इव्हेंट होता, नंतर मिक्स्ड टीमसाठी जागा करायला तो काढला. ठीक आहे, तो त्यांचा निर्णय. पण रेंजवर काय बदललं सांगा? तीच रायफल, तीच पॉइंट टू टू ची गोळी, तेच ५० मीटर, टार्गेटवर दहा गुणांची तीच १०.४ मिलिमीटरची रिंग, मागची माती पण तीच. तरी कालपर्यंत जो माणूस खेळाडू होता तो आज 'हौशी' झाला, आणि हौशी म्हटलं की लेन कधी मिळणार तर सगळ्यांचं आटोपल्यावर, ऊन डोक्यावर आलं की. ३०० मीटरचं तर त्याहून जुनं दुखणं आहे, १९७२ नंतर ते ऑलिंपिकमध्ये नाही, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मात्र आजही मारतात.

आणि ज्यांना ऑलिंपिकचं तिकीट कधी मिळालंच नाही त्यांची तर गोष्टच सोडा. आमच्या क्लबमध्ये (नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीयेत) काही जणांनी बेंचरेस्टसाठी आठवड्यातून एक सकाळ मागितली तर कमिटीतून उत्तर आलं, "टेबलावर ठेवून मारायचं, त्यात खेळ कसला?" आता ज्याने हे म्हटलं त्याला एकदा त्या टेबलावर बसवायला पाहिजे. बेंचरेस्टच्या एका कार्डावर २५ बुल, म्हणजे छोटी गोल टार्गेट, असतात, प्रत्येकावर एकच शॉट, आणि रायफल सँडबॅगवर असल्यामुळे हात हलला वगैरे सबब चालत नाही, उरतो फक्त वारा, गोळीचा लॉट आणि तुमचं डोकं. जॅकेट घालून उभ्याने मारणं अवघड आहे यात वादच नाही, पण हे सोपं आहे असं कोणी सांगितलं?

आता दुसरी बाजूपण सांगतो, नाहीतर तुमचे अधिकारी म्हणतील याला रेंज चालवायचा अनुभव दिसत नाही. एका लाइनवर वेगवेगळे प्रकार आणले की भांडणं होतात, आणि ती अहंकारापेक्षा वेळेची जास्त असतात. थ्री पोझिशनवाल्याला दीड तासात नीलिंग, प्रोन, स्टँडिंग असे ६० शॉट संपवायचे असतात, त्याची लय लागलेली असते, मध्ये कोणी "सीझ फायर" (गोळीबार थांबवा) ओरडलं की त्याची चिडचिड होणारच. त्याच्या शेजारी सिल्हूटवाला, ज्याचे कोंबडी, डुक्कर, टर्की, मेंढा असे लोखंडी पुतळे ४० मीटरपासून १०० मीटरपर्यंत उभे असतात, तो अडीच मिनिटांत उभ्याने पाच शॉट मारतो आणि पुतळे पडले की पुढे जाऊन परत उभे करायला लागतात. म्हणजे एकाला दीड तास शांतता पाहिजे आणि दुसऱ्याला दर थोड्या वेळाने लाइन बंद पाहिजे. वर बेंचरेस्टवाला आपल्या लेनमध्ये स्वतःचे वाऱ्याचे झेंडे लावत जाणार, ते उंच लागले की बाजूच्याच्या नजरेत येणार. शेजाऱ्याच्या रायफलमधून गोळीची गरम केस (रिकामं काडतूस) उडून प्रोनवाल्याच्या कॉलरमध्ये गेली तर काय होतं ते मी लिहीत नाही, कल्पना करा.

पण याची उत्तरं पण लोकांना माहिती आहेत, साहेब, नवीन काही शोधायचं नाहीये. सीझ फायरची वेळ आधीच फळ्यावर लिहायची, कोणी मागेल तेव्हा द्यायची नाही. पुतळे लागणारे प्रकार वेगळ्या रिलेत (फेरीत) घ्यायचे. झेंडे शूटिंग सुरू व्हायच्या आधी लावून घ्यायचे आणि किती उंच ते ठरवून टाकायचं. काडतुसाची केस लांब उडवणारी रायफल लाइनच्या कडेला बसवायची नाहीतर मध्ये एक पडदा लावायचा. आणि सुरक्षेचे नियम तर सगळ्यांना एकच, ते कोणत्या खेळाचे आहेत हे विचारायचंच नाही: कमांड आली की बोल्ट उघडा, चेंबरमध्ये रायफल रिकामी आहे हे दाखवणारा तो नारिंगी फ्लॅग, रायफल खाली, माणूस लाइनच्या मागे, आणि रेंज ऑफिसरने स्वतः बघितल्याशिवाय कोणी एक पाऊल पुढे टाकायचं नाही. खरं तर जिथे वेगवेगळे लोक येतात तिथे ही शिस्त जास्त कडक पाळली जाते असं माझं मत आहे, कारण कोणालाच 'मला माहितीये' म्हणून चालून जाता येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. फुलबोअर (मोठ्या गोळीची, लांब पल्ल्याची नेमबाजी) ५० मीटरच्या रेंजवर आणा असं कोणी म्हणत नाहीये. सात पॉइंट बासष्टची रायफल ३०० यार्डांपासून १००० यार्डांपर्यंत मारतात, तिला लांब मैदान, मोठा बट (टार्गेटमागचा मातीचा बांध) आणि मागे बरीच मोकळी जागा लागते, ते जिथे आहे तिथेच होणार. लोखंडी पुतळेसुद्धा प्रत्येक रेंजला चालत नाहीत, तुकडे कुठे उडतात ते बघावं लागतं. म्हणजे जे रेंजच्या सुरक्षिततेत बसत नाही त्याला 'नाही' म्हणा, आम्ही वाद घालणार नाही. पण जे बसतं त्याला फक्त 'हे आपल्या यादीत नाही' म्हणून हाकलू नका.

फुलबोअरवरून आठवलं, एफ क्लास हा प्रकार कसा आला माहितीये का? कॅनडातले जॉर्ज फारक्वारसन नावाचे शूटर होते, वय झालेल्या लोकांना पीप साइटमधून (नेम धरायच्या बारीक भोकातून) दिसेना, स्लिंग बांधून कोपरावर भार देता येईना, तर त्यांनी सुचवलं की स्कोप आणि पुढे टेकू वापरून मारू द्या. एफ त्यांच्याच नावाचा. सोपं होऊ नये म्हणून टार्गेटच्या मधल्या रिंगा निम्म्या आकाराच्या केल्या. आज त्याच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप होतात, आणि इंग्लंडात बिस्लीला, जिथे १८९० पासून शूटिंग चालतंय, स्लिंगवाले आणि एफ क्लासवाले एकाच मीटिंगमध्ये मारतात. कोणी कोणाला म्हातारा म्हणत नाही, म्हणजे चेष्टेत म्हणत असतील.

पॅरा शूटिंगचं पण तेच. अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे १० मीटर एअर रायफलचं गोल्ड घेतलं, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण व्हीलचेअर फायरिंग पॉइंटपर्यंत जाते का, मध्ये उंबरठा आहे का, एसएच टू गटातल्या (ज्यांना रायफलचं वजन हातांनी पेलता येत नाही अशा) शूटरचा रायफल ठेवायचा स्प्रिंगवाला स्टँड लेनमध्ये मावतो का, हे किती रेंजवर बघितलं जातं? गंमत म्हणजे बेंचरेस्टसाठी जे हलवता येणारं टेबल लागतं आणि लेन जरा रुंद लागते, त्यातलं बरंचसं इथे पण उपयोगी पडतं. एकाची सोय केली की दुसऱ्याची अर्धी आपोआप होते.

आता सगळ्यात घाईचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. सध्या जो तो क्लब इलेक्ट्रॉनिक टार्गेट मागतोय, आणि स्पर्धेची तयारी करणाऱ्यांना ती पाहिजेतच, मॉनिटरवर लगेच १०.३ की ९.८ दिसतं, कागद बदलायला लागत नाही. पण त्या मशीनला मधोमध एकच टार्गेट कळतं. २५ बुलचं कार्ड त्यावर लावता येत नाही. म्हणजे ज्या दिवशी एखाद्या रेंजच्या सगळ्या लेन इलेक्ट्रॉनिक होतात त्या दिवशी बेंचरेस्ट तिथून कोणीही न हाकलता बाहेर पडतं, कमिटीला ठराव पण करावा लागत नाही. तीन-चार लेनवर कागदाच्या फ्रेम ठेवल्या तर कोणाचंही काही बिघडत नाही.

तर मागणी काय, पैसे वाढवून द्या असं मी म्हणत नाहीये. जिथे सरकारी पैसा किंवा सरकारी जमीन आहे त्या रेंजवर आठवड्यातले काही ठरावीक तास इतर रायफल प्रकारांसाठी ठेवायची अट घाला, आणि ते तास भर दुपारचे नकोत. इलेक्ट्रॉनिक टार्गेटला मंजुरी देताना काही लेन कागदाच्या राहणार आहेत ना हे विचारा. रेंज ऑफिसरच्या ट्रेनिंगमध्ये एकाच लाइनवर दोन-तीन प्रकार कसे चालवायचे ते शिकवा, कारण आज तो बिचारा जे येत नाही त्याला सरळ 'नाही' म्हणतो आणि त्यात त्याची चूक नाही. आणि पुढच्या वेळी कुठल्या रेंजच्या भूमिपूजनाला जाल तेव्हा नारळ फोडायच्या आधी नकाशा मागून बघा, टेबलं हलवता येतात का, व्हीलचेअर लाइनपर्यंत जाते का आणि कागदाच्या लेन किती आहेत. इंजिनिअर साहेब गप्प बसले तर काम सुरू व्हायच्या आधीच बदलून घ्या, नंतर काँक्रीट फोडायला कोणी तयार होत नाही.

आपला,
प्रोनवर अजून जीव असलेला एक क्लब शूटर