काकू, ती काडी अजून तिथेच आहे

प्रिय काकू,

समोर बसून बोलायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. दुसरं कारण असं, की माझ्यासारखंच कुणीतरी आत्ता हातात खुरपं घेऊन पिवळ्या पडलेल्या ब्लीडिंग हार्ट या फुलझाडापुढे उभं असेल. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर पडावं.

पहिल्या वसंतात ते झाड कसं फुललं होतं, आठवतं? कमानीसारखी वाकलेली दांडी, तिला ओळीनं लटकलेली गुलाबी हृदयं, बुडाशी टपोरी आणि टोकाला मुगाएवढी, प्रत्येकाखाली पांढरा थेंब. मी दिवसातून चारदा बघायला जायची. मग उन्हाळा चढला, पानं पिवळी पडली, दांड्या आडव्या झाल्या आणि काही आठवड्यांत तिथे नुसती माती उरली. मी रोज पाणी घालत होते. शेवटी उपटायला बसले, तेव्हा तुम्ही कुंपणापलीकडून म्हणालात, "अगं, मेलं नाहीये ते. झोपलंय."

त्या एका वाक्यासाठी हे सगळे आभार आहेत.

या झाडाचा स्वभावच तसा, हे तुमच्याकडून कळलं. थंड मुलखातलं, सैबेरिया, उत्तर चीन, कोरियाकडचं. वसंतात घाईनं फुलायचं आणि ऊन तापलं की जमिनीखाली जायचं. पानं आपणहून पिवळी होईपर्यंत कापायची नाहीत, कारण पुढच्या वर्षीची शिदोरी मुळं तेव्हाच भरून घेतात. आणि झोपलेल्या झाडाला रोज पाणी दिलं तर मुळं कुजतात. मी नेमकं तेच करत होते! तुम्ही रागावला नाहीत. एक काडी आणून जागेवर खोचलीत, म्हणजे चुकून कुणी तिथे खणू नये. ती मांसल मुळं किती ठिसूळ असतात ते मला पुढे कळलं.

ओकीबोकी जागा मला बघवेना, तर तुम्ही शेजारी रुंद पानांचा होस्टा आणि नेचे लावायला सांगितलंत. त्यांची पानं पसरतात तेव्हाच हे झाड मागे सरतं. आता उन्हाळ्यात तिथे माती दिसत नाही. पानझडीत कुजलेल्या पानांचं खत घालते, गड्ड्याच्या अगदी अंगावर नाही, भोवतीनं. हेही तुमचंच.

यंदा थंडी सरताना काडीशेजारी लालसर कोंब वर आले. मोजले, अकरा होते. पहिल्या वर्षी तीन होते. फुलांनी लगडलेलं झाड आता माझ्या कमरेपर्यंत येतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला अजून सांगितलेली नाही. याच्या काळ्या चकचकीत बियांना एक पांढरा, तेलकट तुकडा चिकटलेला असतो. त्याच्या लोभानं मुंग्या बिया ओढून नेतात. तुमच्या बाकाच्या मागे, भिंतीच्या सावलीत, कोथिंबिरीसारख्या कातरलेल्या पानांचं एक बोटभर रोप उगवलंय. तण समजून काढू नका. उद्या सकाळी येते, सोबत एक काडी घेऊन.

तुमची,
कुंपणाअलीकडची