बीपीचा मोठा पट्टा काढणाऱ्या सिस्टरना

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही "नको ओ, उगं माझी ड्यूटी बदलतील" म्हणून हसला होता, त्यामुळं नाव नाही आणि दवाखान्याचं पण नाही. सांगलीतला एक दवाखाना, एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा, एवढं पुरे. तुम्हाला मी आठवतो का माहीत नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणीला आलो होतो, आईची रिपोर्टांची कापडी पिशवी सांभाळत दारात उभा असलेला जाड माणूस, तो मी.

हे पत्र खरं तर चार महिन्यांपूर्वीच लिहायला पाहिजे होतं. दोनदा बसलो, पण लिहिताना घसा दाटून यायचा आणि बायको विचारायची काय झालं, मग राहून जायचं.

आधी थोडं माझं सांगतो, कारण तुम्हाला त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं. मी पायलट आहे, दोन पंख्यांची सत्तरेक सीटांची विमानं चालवतो, एटीआर म्हणतात त्याला. गाव तासगावकडं. लहानपणी कवलापूरची ओस पडलेली धावपट्टी बघून विमानाचं याड लागलं, तिथं विमान कधी बघितलं नाही, शेरडं मात्र लय बघितली. वय ४३. थायरॉइडची गोळी सात वर्षं चालू आहे, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा तास, आणि बीपीची चार वर्षं. लोकांना वाटतं पायलटला डोळे चांगले असले की झालं. तसं नसतंय. दरवर्षी क्लास वन मेडिकल असतं, कानापासून लघवीपर्यंत सगळं तपासतात, आणि ते नापास झालं की लायसन खिशात असून पण विमानात फक्त प्रवासी म्हणून बसायचं. थायरॉइड किंवा बीपी आहे म्हणून कोणी घरी बसवत नाही, गोळी घेऊन ताब्यात असलं की चालतंय. पण ताब्यात असलं पाहिजे. १४०/९०च्या आत.

फेब्रुवारीत माझं १५२/९८ आलं. थोड्या वेळानं परत घेतलं, १५६. तिसऱ्यांदा १५८, कारण तोपर्यंत मला माझं घराचं कर्ज दिसायला लागलं होतं. कागदावर शिक्का पडला, टेम्पररी अनफिट.

तपासणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. यंत्रानं जे दाखवलं ते त्यांनी लिहिलं आणि नियम बरोबरच आहे, माझ्या मागं सत्तर माणसं बसलेली असतात, त्यात कुणाची तरी आई असती. राग आहे तो त्यानंतर भेटलेल्यांवर. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो, लॉबीत कारंजं होतं, फी ऐकून पाणी प्यावंसं वाटलं. तिथल्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं पण नाही, फाइल बघितली, "स्ट्रेस घेऊ नका" म्हणाले आणि गोळीचा डोस ५ चा १० केला. तीन आठवड्यांत पायाला सूज, बुटाची लेस बांधता येईना. परत गेलो तर म्हणाले ह्या गोळीनं होतं असं कधी कधी. म्हणजे माहीत होतं! सांगायला काय झालं होतं? आणि बीपी तरी उतरलं का, तर नाही, तिथल्या खुर्चीत तेच एकशेपन्नासच्या घरात. मग एक भेटला "मॅनेज करणारा". आकडा सांगितला आणि म्हणाला कागद मी बघतो तुम्ही फक्त सही करा. त्याला हाकलला, पण खरं सांगतो सिस्टर, हाकलायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी विचार करत होतो ह्याची लाज अजून वाटती. नातेवाइकांचं तर विचारू नका, कारल्याचा रस, लसूण, तांब्याचं कडं, आणि एका मामांनी तर "आता शेती बघ" म्हणून विषयच संपवला.

तर असा दोन महिने घरी बसलेला माणूस तुमच्या खोलीच्या दारात उभा होता.

तुम्ही आईचं बीपी घेतलं, तिला म्हणालात "मावशी, माझ्यापेक्षा भारी हाय तुमचं", आई खूश. बाहेर दहा-बारा माणसं बाकावर. मी आपलं सहज म्हणालो, माझं पण बघता का. तुम्ही हो म्हणालात. तोच पट्टा बांधला, १५४/९६. आणि मी काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल, मी हसत हसत म्हणालो, "सिस्टर, कमी लिहा की." चेष्टा होती, पण सगळी चेष्टा नव्हती.

तुम्ही वर बघितलं नाही. "कमी लिहिल्यानं बीपी कमी होतंय व्हय?" एवढंच म्हणालात, आणि मग वर बघितलं, माझ्या दंडाकडं. "तालमीत जात होता काय ओ?"

दोन महिन्यांत किती डॉक्टर, किती तपासण्या, इको, ईसीजी, रक्त, सगळं. माझ्या दंडाकडं बघणाऱ्या तुम्ही पहिल्या. हो, जात होतो, अकरावीपर्यंत, जोर-बैठका सुटल्या पण दंड राहिला आणि त्यावर नंतर एअरलाइनच्या जेवणानं भर घातली. तुम्ही टेप लावली, १६ इंच. मग त्या पट्ट्याचं वेल्क्रो दाखवलं, कसं जेमतेम टोकाला चिकटलंय, आणि म्हणालात "हा पट्टा तुम्हाला बसतच नाही, ह्यात जास्तच दाखवणार." कपाटाच्या खालच्या कप्प्यातनं, सलाइनच्या खोक्याच्या मागनं, एक मोठा पट्टा काढला. कडा उसवलेला. "मार्केट यार्डातली हमाल माणसं येत्यात ना हळदीची पोती उचलणारी, पैलवान येत्यात, त्यांच्यासाठी ठेवलाय मी. नाहीतर सगळ्यांनाच बीपी निघतंय."

मी नंतर घरी येऊन वाचलं. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी फिरली पाहिजे. २०२३ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा लावला तर वरचा आकडा सरासरी साडेएकोणीसनं जास्त येतो. साडेएकोणीस! माझी नोकरी बारा-चौदा पॉइंटांवर अडकली होती. अमेरिकेतल्या लोकांनी ते मोजून छापलं आणि तुम्हाला ते मार्केट यार्डातल्या हमालांनी शिकवलेलं होतं.

आणि ह्यात मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर माझाच. आमच्या विमानात उंची दाखवणारं जे घड्याळ असतं ते हवेच्या दाबावर चालतं. प्रत्येक उड्डाणाआधी आणि उतरताना त्या त्या विमानतळाचा दाब त्यात भरायचा असतो, एक हेक्टोपास्कल (दाब मोजायचं माप) चुकला की साधारण तीस फूट उंची चुकीची दिसती. वीस वर्षं मी रोज हे करतोय, दोन घड्याळं एकमेकांशी जुळवून बघतोय, नव्या पोरांना ओरडतोय की आकडा बघायच्या आधी सेटिंग बघा. आणि स्वतःच्या दंडावर कुठला पट्टा बांधलाय हे एकदा पण विचारलं नाही. चार वर्षं. हात पुढं केला की केला.

पण सिस्टर, हे पत्र पट्ट्यासाठी नाही. पट्ट्याचं नंतर कधीतरी कुणीतरी सांगितलं असतं, निदान मी तशी स्वतःची समजूत घालतो. पत्र आहे ते त्याच्या पुढच्या पाच मिनिटांसाठी.

तुम्ही म्हणालात बसा, पाठ टेकून बसा, मांडीवर मांडी नको, पाय जमिनीला. आईची रिपोर्टांची पिशवी घेतली, दोनदा घडी घातली आणि माझ्या कोपराखाली उशीसारखी सरकवली. मोठा पट्टा बांधला. म्हणालात आता पाच मिनिटं बोलायचं नाही. आणि मग तुम्ही ते मशीन धरलं आणि त्याचं तोंड तुमच्याकडं फिरवलं. "आकडे मी बघते. तुम्ही खिडकीतनं बघा."

बस, एवढंच. तुमच्या लक्षात पण नसेल.

आकडे बघणं हाच माझा धंदा. समोर पन्नास आकडे आणि त्यातला एक जरी हलला तरी नजर तिथं जायची सवय. गेल्या चार वर्षांत पट्टा फुगायला लागला की मी त्या यंत्राकडं असा बघायचो जसा पोरगा निकालाच्या यादीकडं बघतो, १७० पासून खाली येताना प्रत्येक आकडा मनात म्हणायचो, आणि छाती धडधडायची, आणि त्या धडधडीनं आकडा वाढायचा. कुणालाच, कुण्णालाच सुचलं नाही की ह्याच्यासमोरनं ते काढावं. बाहेर माणसं खोळंबलेली, एक म्हातारा दोनदा डोकावून गेला, त्याला तुम्ही नुसता हात केला. आणि तुम्ही स्टूल ओढून बसलात. मोबाइल काढला नाही, केस पेपर भरत बसला नाहीत, काही विचारलं नाही. माझ्यासोबत गप्प बसलात. मी खिडकीतनं बघत होतो, समोरच्या रसवंतीत एक पोरगं ऊस पुसत होतं, एक एक कांडं, आणि चरकाची घुंगरं वाजत होती. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मी काहीतरी नुसतं बघत होतो.

मग तुम्ही तीनदा घेतलं, मधे मिनिटभर थांबून. १३८, १३६, १३६. कागदावर लिहून उलटा करून माझ्याकडं सरकवला. मी तो उचलेना तेव्हा आई म्हणाली, "बघ की रे बाळ्या." ४३ वर्षांचा कॅप्टन बाळ्या.

पुढचं लवकर सांगतो कारण त्यात काही मजा नाही. तुमच्याच डॉक्टरसाहेबांनी २४ तासांचं बीपीचं मशीन कमरेला लावलं, मोठ्याच पट्ट्यासकट, दर अर्ध्या तासानं फुगायचं, रात्री बायको म्हणाली ह्याच्यापेक्षा तुमचं घोरणं बरं. सरासरी १२६/७८. सुजवणारा डोस परत खाली आला, सोबत दुसरी एक गोळी, मग ठरलेले दिवस वाट बघणं, मग परत तपासणी. तिथं मी नम्रपणे विचारलं की सर माझा दंड १६ इंच आहे, मोठा पट्टा मिळेल का. लगेच दिला ओ त्यांनी! कुरकुर नाही की काही नाही. १३४/८४. फिट. म्हणजे चार वर्षं फक्त विचारायचं होतं.

आणि हो, बीपी मला आहे, तुमच्या पट्ट्यानं ते गेलं नाही. तुम्हीच दारापर्यंत येऊन बजावलं होतं, "आकडा कमी आला म्हणून गोळी सोडू नका हां." नाही सोडली. मीठ पण कमी केलंय. हे वाचणाऱ्यांनी पण आपापल्या गोळ्या बंद करू नका, फक्त दंडाकडं एकदा बघा.

परवा आईशी बोलत होतो तर तिनं २०१९चा पूर काढला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा, आई सांगलीत मावशीकडं अडकलेली आणि मी तिकडं हैदराबादला फोन लावत बसलेलो. त्यांच्या गल्लीतनं तिला गुळाच्या काहिलीत बसवून एका पोरानं बाहेर काढलं. काहिलीत बसायला आई घाबरत होती, तर त्यानं म्हणे तिला सांगितलं, "आजी, पाण्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा." त्याचं नाव आम्हाला आजपर्यंत कळलं नाही. आई म्हणती तुझी ती सिस्टर त्याच्याच घरातली असणार. आता हिला काय सांगायचं. पण मी हैदराबादला बसून शंभर फोन केले होते त्या वेळी, मोठ्या मोठ्या ओळखी लावल्या होत्या, आणि शेवटी कामाला आली ती काहील आणि ते पोरगं. मोठ्या माणसांना फोन करायची माझी खोड तेव्हाच जायला पाहिजे होती.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरला उतरत होतो. हवा स्वच्छ होती, हरिपूरचा संगम वरनं दिसला, कृष्णा आणि वारणा, आणि पलीकडं सांगली. शेजारी बसलेल्या पोरीनं, नवीन फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, दाब वाचून दाखवला, मी भरला, दोघांची घड्याळं जुळली. तिला मी काही सांगितलं नाही, तेव्हा कामात होतो. खाली उतरल्यावर चहा पिताना सगळं सांगितलं. तर म्हणाली सर, माझ्या बाबांचा पण दंड मोठा आहे.

गुरुवारी मला सुट्टी आहे. मागच्या वेळी पाकीट पुढं केलं तर तुम्ही रागावलात, म्हणून पाकीट नाही. तुमच्या त्या पट्ट्याचं वेल्क्रो सैल झालंय, तुम्ही वर चिकटपट्टी लावता ते मी बघितलंय. नवीन दोन आणतोय, एक मोठा आणि एक त्याच्याहून मोठा, त्याला नाही म्हणू नका, तो माझ्यासाठी नाही, हमाल लोकांसाठी आहे. आणि भडंग आणतोय. मी खाणार नाही, मीठ असतंय त्यात. तुम्ही आणि आई खा, मी खिडकीतनं बघतो.

तुमचा,
बाळ्या (आई असंच लिही म्हणाली)