फोम चिकटवायच्या आधी खुर्ची हलवून बघा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

नवा स्पीकर आला की त्याच्यावर अर्धं पान छापून येतं, अॅम्प्लिफायरवर येतं, हल्ली केबलवर पण येतं, पण हे सगळं ज्या खोलीत वाजणार त्या खोलीबद्दल मराठीत चार ओळी सापडत नाहीत, मग लोक खोलीत आवाज घुमू नये म्हणून व्हिडिओ बघून भिंतभर एक इंची फोम लावून टाकतात. मीही तेच केलं होतं म्हणून कळकळीने लिहितोय.

चारही भिंतींवर लावला. दोन दिवस वाटलं आवाज स्वच्छ झाला, मग लक्षात आलं की तानपुऱ्याची जवारीच, म्हणजे तारांचा तो झंकार, गेलीये, गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायचा तोही गेला, आणि डग्गा मात्र आधी घुमायचा तसाच घुमतोय, उलट वरचं सगळं दबल्यामुळे जास्तच जाणवतोय. कारण साधं आहे. फोम असो की रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर), हवा त्यातून हलली तरच ते आवाज खातं, आणि भिंतीला अगदी लागून हवा जवळपास हलतच नाही, सगळ्यात जास्त हलते ती भिंतीपासून आवाजाच्या लाटेच्या पाव लांबीवर. ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या खर्जाची लाट जवळपास ७ मीटरची, तिचा पाव म्हणजे पावणेदोन मीटर, तिथे एक इंच जाडी कुठे पुरणार? तो फोम मुख्यतः हजार हर्ट्झच्या वरचंच खातो. अंड्याचे ट्रे तर त्याहून कुचकामी, आणि पेट घेतात ते वेगळंच, कृपया लावू नका.

खरा फरक पडला तो फुकटात. खोली ४ मीटर लांब असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपास ती स्वतःच घुमते, आणि तो सूर बरोबर मध्यावर जवळपास गायब होतो, भिंतीपाशी फुगतो. माझा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. दीडेक मीटर पुढे ओढला आणि डग्ग्याचा एकेक ठोका सुटा ऐकू आला, हे आधी कोणी सांगितलं असतं तर! नंतर बराचसा फोम काढला, बसल्या जागेवरून बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेला आणि जिथे त्यात स्पीकर दिसला, म्हणजे जिथे आवाज आदळून कानावर येतो, तिथेच आवाज शोषणारं जाड पॅनल लावलं, मागे थोडी जागा सोडून, आणि कोपऱ्यांत सहा इंची रॉकवूल, कापडात नीट गुंडाळून. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये हा प्रश्न मात्र पूर्ण वेगळा, यातलं काहीही तो सोडवत नाही.

१८९५ मध्ये हार्वर्डच्या एका सभागृहात एकेक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तेव्हा वॉलेस सॅबिन या प्राध्यापकाने दुसऱ्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवत, दर वेळी किती फरक पडतो ते मोजलं. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याने आधी मोजलं, आणि आपण आज मोबाईलमध्ये माइक असून न मोजता भिंती झाकतोय.

एकच विनंती, यापुढे स्पीकरचा रिव्ह्यू छापाल तेव्हा तो केवढ्या खोलीत ऐकला, स्पीकर भिंतीपासून किती लांब होते आणि ऐकणारा कुठे बसला होता, एवढं सोबत छापा.

आपला एक नियमित वाचक