नॉर्दर्न लाईट्सच्या फोटोखाली सेकंद पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही नॉर्दर्न लाईट्सचा, म्हणजे ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसणाऱ्या रंगीत उजेडाचा, अर्धं पान फोटो छापलाय, वर हिरवंगार आकाश, खाली बर्फ, बर्फात एक लाकडी घर, आणि फोटोखाली दोनच शब्द, 'निसर्गाची दिवाळी'. फोटो चांगला आहे, थंडीत उभं राहून काढणाऱ्याचे कष्ट मला कळतात, कारण माझा बेळगावच्या शहापुरात तीस वर्षं फोटो स्टुडिओ आहे आणि २०२५ च्या मार्चमध्ये मी स्वतः तिकडं जाऊन हे बघून आणि काढून आलोय. पण त्या दिवशी पेपर हातात घेऊन चार-पाच जण दुकानात आले, सगळ्यांचा प्रश्न एकच, काय ओ, खरंच असं दिसतंय काय तिथं? होय म्हटलं तरी खोटं आणि नाही म्हटलं तरी खोटं. म्हणून हे पत्र लिहितोय. माझं मागणं एवढंच आहे की असा फोटो छापताना तो कुठला, कुठल्या महिन्यातला आणि किती सेकंदांचा, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं ठेवून काढलेला, हे तीन तेवढं खाली छापत चला. ओळभर जागा लागेल.

आता सेकंदांचं काय ते सांगतो. माझी लेक स्वीडनमध्ये स्टॉकहोमला नोकरीला आहे, ती दोन वर्षं मागं लागली होती की पप्पा या, आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं काढलात, एकदा तुमच्या मनासारखा फोटो काढा. शेवटी लग्नसराई जरा मोकळी बघून गेलो. स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे धरून अबिस्को म्हणून गाव आहे तिथं उतरलो, ६८ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या पण वर. त्याच लाईनीवरून किरुनाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज भरून मालगाड्या नॉर्वेतल्या नार्विक बंदराला जातात, ते बघून मला आमची लोंढा लाईन आठवली. लेकीनं अबिस्कोच का निवडलं तर पश्चिमेकडचे डोंगर समुद्रावरचे ढग अडवतात आणि अलीकडं आभाळ मोकळं राहतंय. आपल्याकडं कणकुंबीत धो धो पाऊस आणि अथणीत कोरडं, तसलाच प्रकार. पाडव्याच्या आधीचे तीन दिवस होते, अमावास्या, त्यामुळं चंद्राच्या उजेडाचा त्रास नव्हता.

पहिल्या रात्री साडेनऊला आम्ही तोर्नेत्रेस्क तलावावर गेलो, काठावर नव्हे, तलावावरच, सगळा गोठलेला. पाय ठेवायला माझं मन धजेना. मधेच खालून बर्फ तडकल्याचा आवाज येतोय, लांबून कुणीतरी पत्र्यावर घण घातल्यासारखा. थंडी उणे १४. उत्तरेला आभाळात एक पांढुरका पट्टा दिसला, चुलीचा धूर वाऱ्यानं आडवा पसरावा तसा, आणि मला वाटलं ढग आले, आजची रात्र गेली. लेक म्हणाली, पप्पा ढग नव्हे तो, कॅमेरा लावून बघा. ट्रायपॉडवर कॅमेरा लावला, आठ सेकंद शटर उघडं ठेवलं, आणि मागच्या स्क्रीनवर जे आलं ते हिरवंगार! वर बघतोय तर राखाडी, स्क्रीनवर बघतोय तर हिरवं. साहेब, मी रोलच्या जमान्यातला माणूस, डार्करूममध्ये डेव्हलपरच्या ट्रेत कोऱ्या कागदावर हळूहळू नवरीचा चेहरा उमटताना हजारदा बघितलाय, तरी त्या रात्री स्क्रीनकडं बघून अंगावर काटा आला.

कारण साधं आहे. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो. कॅमेऱ्याचं तसं नाही, तो आठ सेकंद उजेड साठवत राहतो, सगळा एकावर एक. म्हणजे कॅमेरा खोटं बोलत नाही, जो हिरवा रंग आहे तो तिथं खरोखर आहे, पण डोळ्याला तो तेवढा मिळत नाही एवढंच. आणि म्हणून 'नाही' म्हणणं पण खोटं, कारण त्याच रात्री पावणेअकराला तो पट्टा एकदम डोक्यावर आला, पडद्यासारख्या झिरमिळ्या सुटल्या, खालची कडा गुलाबी झाली आणि तेव्हा उघड्या डोळ्यांना हिरवं स्पष्ट दिसत होतं, बर्फावर सुद्धा हिरवट उजेड पडला होता. सहा-सात मिनिटं चाललं असेल. त्यातली तीन मिनिटं मी कॅमेऱ्याकडं बघितलंच नाही, आणि मला त्याचं अजून समाधान आहे.

अशा वेळी आठ सेकंद ठेवून चालत नाही. झिरमिळ्या पळत असतात, आठ सेकंदांत त्यांचा नुसता हिरवा लोंधा होतो, दोन-तीन सेकंदांवर यावं लागतं. लग्नात नवरी बसलेली असली की एक हिशेब आणि वरातीत पोरं नाचायला लागली की दुसरा, तसंच हे. तुमच्या पुरवणीतला फोटो मला बघताक्षणी लांब सेकंदांचा वाटला, त्यात झिरमिळ्या अजिबात नाहीत, सगळं साय धरल्यासारखं आहे. वाचणाऱ्याला हे कसं कळणार?

पहिल्या रात्रीच्या निम्म्या फोटोंवर मात्र पाणी सोडावं लागलं. आम्ही लग्नवाले लेन्सला यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायची सपाट काच, कायम लावून ठेवतो, अक्षता उडतात, कुंकू-गुलाल उडतोय, लेन्सला ओरखडा नको म्हणून. खोलीवर येऊन फोटो मोठे करून बघतो तर प्रत्येकाच्या बरोबर मध्यावर एकात एक गोल वर्तुळं, विहिरीत खडा टाकल्यावर उमटतात तशी. मला वाटलं लेन्सच गेली. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका फोटोग्राफरनं सांगितलं, फिल्टर काढा. हा हिरवा उजेड जवळजवळ एकाच रंगलहरीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर, त्यामुळं सपाट काचेच्या दोन बाजूंवर तो आदळून अशी वलयं पडतात, साध्या उजेडात ती पडत नाहीत. तीस वर्षांच्या धंद्यात हे मला माहीत नव्हतं, आणि आपल्या भागातून जो कोण कॅमेरा घेऊन जाईल त्याचं असं नुकसान होऊ नये म्हणून मुद्दाम लिहितोय.

बाकीचं थोडक्यात. लेन्स जेवढी उघडेल तेवढी, २.८ असेल तर उत्तम, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, १६०० ते ३२००, फोकस हातानं, एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून त्याच्यावर फोकस धरायचा, लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या खुणेवर विसंबायचं नाही. बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायच्या, माझी एक बॅटरी निम्म्याहून जास्त दाखवत असताना थंडीनं बंद पडली आणि खिशात ऊब मिळाल्यावर परत चालू झाली. ट्रायपॉडच्या पायांना मी इथूनच पाइपावर गुंडाळतात तो फोम चढवून नेला होता, थंडीत ते धातूचे पाय उघड्या हातानं धरवत नाहीत. आणि खोलीत शिरायच्या आधी, बाहेरच, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, नाहीतर उबेला आल्याबरोबर आतपर्यंत दव धरतंय. मोबाईलवर पण येतात ओ फोटो, नाईट मोड लावून मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवला की झालं, लेकीचे दोन फोटो माझ्यापेक्षा सरस आलेत.

जायच्या आधी जानेवारीत दोन रात्री मी जांबोटीच्या पुढं कणकुंबीला जाऊन अंधारात बोटांनी बटणं शोधायची सवय केली होती, मलप्रभेच्या उगमाजवळ अजून चांगला अंधार मिळतोय. तिथं ध्रुव तारा उत्तरेला खाली, हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून दीड मुठीवर. अबिस्कोत तोच तारा बघायला मान पार मागं टाकावी लागली. पृथ्वी गोल आहे हे शाळेत शिकलेलं, मानेला तेव्हा कळलं.

आता महिन्याचं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर आणि काकू, पेन्शनीतले पैसे साठवून एका टूर कंपनीबरोबर नॉर्वे-फिनलंडला गेले, मे महिन्याच्या सुट्टीत. पत्रकावर असलाच हिरवा फोटो होता. आता मे महिन्यात तिकडं सूर्य मावळला तरी रात्र काळी होतच नाही, आणखी वर गेलं तर मेच्या अखेरीला मावळतच नाही, उजेडात नॉर्दर्न लाईट्स कुठून दिसणार? दिवसा तारे दिसत नाहीत तसंच. त्यांच्या बरोबरच्या माणसानं तीन रात्री सांगितलं की ढग आहेत, आज नशीब नाही. काकू घरी येऊन म्हणाल्या, आमच्याच नशिबात नव्हतं. मला ते ऐकून फार वाईट वाटलं, त्यात नशिबाचा काय संबंध. सप्टेंबर ते मार्च हा काळ, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च जास्त चांगले, आणि तेव्हा सुद्धा ढग आले तर दिसत नाही, याची गॅरंटी कोणच देऊ शकत नाही. तुमच्या त्या फोटोखाली नुसता 'मार्च' किंवा 'ऑक्टोबर' छापून आला असता तर मास्तरांनी पत्रक हातात घेऊन एक प्रश्न तरी विचारला असता.

आणि ठिकाणाचं पण तसंच. पुरवणी आली त्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राजहंसगडावर हिरवे पडदे सोडलेला फोटो फिरत होता, 'काल रात्री बेळगावात दिसलेला चमत्कार' म्हणून. शिकलेल्या लोकांनी पुढं पाठवला. सूर्याकडून जे विद्युतभारित कण येतात ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळं ध्रुवांभोवतीच्या एका गोल कड्याकडं वळतात, तिथं वरच्या हवेवर आदळून ती हवा उजळते, दुकानाच्या निऑन पाटीत गॅस उजळतोय तशी. शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा, दोनशेच्या वर तोच ऑक्सिजन लाल, आणि खालच्या कडेला नायट्रोजनचा गुलाबी-जांभळा. सौर वादळ, म्हणजे सूर्याकडून येणारा अशा कणांचा लोट, मोठं असलं तर हे कडं दक्षिणेला सरकतंय. १०-११ मे २०२४ च्या रात्री २००३ नंतरचं सगळ्यात मोठं वादळ झालं तेव्हा लडाखमध्ये हानलेला, जिथं बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, तिथल्या कॅमेऱ्यात उत्तरेला क्षितिजाजवळ तांबूस उजेड आला. तांबूस, हिरवा नव्हे, कारण एवढ्या लांबून वरचा लाल थर तेवढा दिसतोय, खालचा हिरवा क्षितिजाखाली जातो. हानले ३२ अंशांच्या वर आहे आणि बेळगाव १६ सुद्धा नाही, मग राजहंसगडावर हिरवे पडदे कसले?

आपल्या बाजूला कधीच दिसलं नाही असं मात्र नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईतून असा प्रकाश दिसल्याची नोंद आहे. त्याच्या आधी सप्टेंबर १८५९ मध्ये, आजवर माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या वादळांपैकी एक झालं तेव्हा, कुलाब्याच्या वेधशाळेतल्या लोकांनी त्या वादळानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथं किती कमी झालं ते वेळेसकट हातानं लिहून ठेवलं, आणि ते आकडे आज पण जगभरचे शास्त्रज्ञ काढून बघतात. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं मोजमाप बिघडणार म्हणून हे काम अलिबागला हलवलं, तिथं ते आजही चालू आहे. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, त्या माणसांनी नुसतं 'आज फार मोठा चमत्कार झाला' असं लिहून ठेवलं असतं तर त्याचा आज कुणाला काय उपयोग होता?

पत्रासोबत माझे दोन फोटो पाठवतोय, दोन्ही एकाच रात्रीचे, अबिस्को, मार्च २०२५. पहिला कॅमेऱ्यानं जसा काढला तसा, आठ सेकंद, आयएसओ ३२००. दुसरा तोच फोटो, पण लेकीला शेजारी बसवून, आम्हाला दोघांना उघड्या डोळ्यांनी जेवढं दिसलं होतं तेवढाच उजेड आणि तेवढाच रंग ठेवून कमी केलेला, त्याला दोन तास गेले कारण ती म्हणायची अजून फिकट होतं आणि मी म्हणायचो नाही, एवढं होतं. दोन्ही शेजारी शेजारी छापले तर बरं होईल. जागा एकाचीच असली तर दुसरा छापा.

आपला एक वाचक,
फोटो स्टुडिओवाला, शहापूर, बेळगाव