दिल्याला पत्र: पुन्हा तोच गेरू

प्रिय दिल्या,

आठ महिने तुला पत्र नाही. तू फोन केलास तेव्हा मी वावरात होतो, मग उद्या करू, परवा करू म्हणता म्हणता श्रावण लागला. शिव्या भेटल्यावर दे. माझी शुगर बरी आहे, आईला आता ऐकू येत नाही, बाकी ठीक.

आज लिहायला बसलो कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि दुसऱ्या कोणाला तर नाहीच. आपल्या गेरूच्या दगडासारखं पुन्हा झालं बे. या खेपेला मी एकटाच.

शाळेमागचं पंचायतीचं बालोद्यान आठवते ना? घसरगुंडीवर वाळवण, बाकावर पत्ते. एक पोट्टं फिरकत नव्हतं. उन्हाळ्यात रिकामा होतो, तर वीत वीत उंचीची घरं केली. कुटार कालवलेल्या मातीच्या भिंती, पऱ्हाटीचे वासे, वर फुटक्या कवेलूचे तुकडे. एकाला बेलफळाची अर्धी कवटीच घुमट म्हणून बसवली. दारं काडेपेटीची, बिजागऱ्या सायकलच्या ट्यूबच्या, डिंक बाभळीचा. पहाटे पाचला जाऊन वडाच्या ढोलीत, निंबाच्या मुळात ठेवून यायचो. मनात परीचं घर होतं, पण सांगितलं कोणालाच नाही. पोट्ट्यांनीच ठरवावं.

त्यांनी ठरवलं. एक म्हणे मुंगसाचं. एक चिमुरडी म्हणे, "परीचं व्हय, टीव्हीत असते तशी." तिसरा ओरडला, "घरकुल मंजूर झालं!" त्यावर पत्तेवाल्यांनी गंभीरपणे हिशेब मांडला, की २६९ चौरस फूट भरत नाहीत, तर १ लाख २० हजार कसे निघतील. मी बाजूलाच, हसू दाबत. महिनाभर नुसती झुंबड. कोणी आत शेंगदाणे ठेवी, कोणी तर तान्ह्या पोळ्याचा आपला लाकडी बैल दारात बांधून गेला.

मग या अमावास्येला निंबाखालच्या घरापुढं हळदकुंकू, नारळ अन् लिंबू. झालं. अर्धं गाव म्हणते देवी बसली, अर्धं म्हणते करणी. त्यात एका पोराला ताप आला. डॉक्टर म्हणाले, पावसाळी ताप आहे, दोन दिवसांत उतरेल. उतरलाही. पण त्याची आजी म्हणे, "त्या घराले हात लावला म्हून." आता मायमाउल्या पोरं पाठवत नाहीत. पत्तेवालेसुद्धा उठून पानठेल्यावर गेले. ज्याच्यासाठी केलं तेच उलटलं.

तू म्हणशील, सांगून टाक. तेव्हाही हेच म्हणाला होतास, मीच तुझं तोंड दाबलं. पंधरा दिवस बोलला नाहीस, वरून गेरूचे अर्धे पैसे मागितलेस! पण लोकांनी शाळेच्या भिंतीवर मुतू नये म्हणून आपण दगड रंगवला, आणि थांबलं की नाही? आज त्यावर टिनाचं छप्पर आहे, शनिवारी आरती होते. मीही जातायेता हात जोडतो. लोक पाहतात म्हणून जोडतो, की खरंच जोडतो, हे आता माझं मलाच कळत नाही.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला सांगू नको, तुझं भाषण पाठ आहे. तो करणी करणाऱ्याला धरतो. डिंक लावणाऱ्याचं काय?

खरी अडचण त्या चिमुरडीची आहे. परवा रस्त्यात विचारते, "आबा, पाऊस आला की परी कुठी जाते?" म्हटलं, कोणाच्या तरी ओसरीत. आता मोठ्यांना खरं सांगितलं, तर या गावात ते तिच्या कानावर जायला किती वेळ लागेल? आणि नाही सांगितलं, तर पंचायत घरं उचलून नाल्यात फेकणार म्हणतात. फेकायचंच तर आधी तो दगड फेका, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

पोरीचं जमलं म्हणे, फार आनंद झाला. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? पोळ्याला ये. येताना इतवारीतून सगळ्यात लहान बिजागऱ्या आण, डझनभर. ट्यूब पावसात सुटते.

तुझा,
गजा

ता. क. काल तिथं ताजं लिंबू होतं. रात्री उचलून आणलं, सरबत केलं. आईनं दोन ग्लास घेतले. म्हणे लिंबू रसाचं आहे, कुठून आणलं? मी तिला सगळं खरं सांगितलं, पहिल्या घरापासून. तिला ऐकू आलं नाही.